पहिलं बिल दुकानदाराच्याच हातून

मी जबलपूरहून बोलतोय. छोट्या दुकानांसाठी बिल आणि उधारीचं अ‍ॅप बनवणाऱ्या टीममध्ये मी काम करतो. आजचा विषय आहे ऑनबोर्डिंग. म्हणजे नव्या ग्राहकाने अ‍ॅप डाउनलोड केल्यापासून त्याचं पहिलं खरं काम होईपर्यंतचा प्रवास. तोही मोबाइलवरचा, कारण आमच्या बडा फव्वारा किंवा गोरखपूर बाजारातल्या अनेक दुकानांत काउंटरवर कॉम्प्युटर नसतो, फोनच असतो.

नोंदणीत अडकला की दुकानदार काय करतो? पुतण्याला हाक मारतो, नाहीतर समोरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे फोन देतो. ‘हा घे ओटीपी, तूच करून दे.’ अ‍ॅप सुरू होतं, आपल्या रिपोर्टमध्ये एक ग्राहक वाढतो. पण दुकानदार काय शिकला? ओटीपी दुसऱ्याला सांगितला की काम होतं! उद्या एखाद्या भामट्याचा फोन आला, तर तो हाच धडा गिरवणार. म्हणून ज्याचा फोन, त्याच्याच हाताने नोंदणी झाली पाहिजे, असं मी मानतो.

यूपीआयचं उदाहरण घ्या. 2016च्या एप्रिलमध्ये ती सुरू झाली आणि 30 डिसेंबर 2016ला भीम अ‍ॅप आलं. पहिल्यांदा खातं जोडताना काय होतं ते आठवा. आपण सिम निवडतो, अ‍ॅप त्या सिमवरून आपोआप एसएमएस पाठवतं. बँकेत नोंदवलेला नंबर याच फोनमध्ये आहे, हे त्यातून पक्कं होतं. मग डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीची तारीख, ओटीपी आणि पिन. पायऱ्या काही कमी नाहीत. तरी ती भाजीच्या हातगाडीपर्यंत पोहोचली. एक कारण असं, की खाते क्रमांक टाइप करावा लागत नाही, नंबरवरून खातं सापडतं. दुसरं कारण, फळ लगेच दिसतं: पैसे आले!

पण अडणारेही होते. कोणाकडे दोन सिम, कोणाचं रिचार्ज संपलेलं म्हणून एसएमएस जात नाही, कोणाकडे डेबिट कार्डच नाही. पुढे आधारच्या ओटीपीवर पिन ठेवायची सोय आली. दारात कोण अडलंय हे पाहिलं, तरच दुसरं दार काढायचं सुचतं.

आता आपल्या अ‍ॅपकडे येऊ. जीएसटी नंबर 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: मध्य प्रदेश 23, महाराष्ट्र 27. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. मग जीएसटी नंबर घेतल्यावर राज्य आणि पॅन पुन्हा कशाला विचारायचं? आणि नंबर नसलेल्यांसाठी ‘माझ्याकडे नाही’ हे बटण तितकंच ठळक हवं. खरं तर पहिलं बिल होऊ द्या, जीएसटी नंतर विचारा. आधी दुकानाचं नाव, एक वस्तू, एक किंमत. एवढ्यावर बिल तयार होतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जातं. मग तो माणूस बाकीची माहिती आपणहून भरतो.

परवानग्यांचंही तसंच. 2015मध्ये अँड्रॉइड 6 आलं, तेव्हापासून परवानगी गरजेच्या वेळी मागता येते. कॅमेरा बारकोड स्कॅन करताना मागा, कॉन्टॅक्ट उधारीचं नाव निवडताना. अ‍ॅप उघडताच चार परवानग्या मागितल्या, तर शहाणा माणूस नाहीच म्हणेल.

भाषेकडे वळू. आमच्याकडे स्क्रीन आधी हिंदीत लिहिली जाते, मग मराठीत. हिंदीत ‘खाली’ म्हणजे रिकामं, मराठीत खाली म्हणजे खालच्या बाजूला. ‘हा रकाना खाली ठेवा’ असं वाचून नागपूरचा दुकानदार रकाना सरकवायला बघेल! म्हणून मराठी मजकूर मराठी माणसाने, स्क्रीन समोर ठेवून लिहावा. ‘प्रस्तुत करा’पेक्षा ‘पुढे’ बरं.

आणि दुकानात गिऱ्हाईक येतंच. नोंदणी अर्धी टाकून दुकानदार कापड मोजायला उठतो. परत आल्यावर फॉर्म कोरा दिसला, तर तो पुन्हा भरेल का? प्रत्येक पायरी तिथल्या तिथे सेव्ह झाली पाहिजे, नेटवर्क नसलं तरी.

तुम्ही असं काही बनवत असाल, तर एक करा. पाच दुकानांत जा, फोन मालकाच्या हातात द्या आणि आपले हात मागे बांधून उभे राहा. काही सांगू नका, बोट दाखवू नका. तो कुठे थांबतो आणि फोन दुसऱ्याकडे कधी देतो, एवढंच टिपा. फोन दुसऱ्याच्या हातात गेला, ती स्क्रीन सर्वांत आधी दुरुस्त करा.