मातेचे ताट आणि गर्भाचे आरोग्य



गर्भसंस्कार हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे. त्यासाठी ध्वनिफिती निघतात, शुल्क आकारून वर्ग चालतात. (शुल्काचा आकडा न विचारलेलाच बरा!) परंतु गर्भावर अन्नाचा संस्कार कसा घडतो, याचा शोध पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी १९९३ पासून घेत आले आहेत. त्याची चर्चा मात्र आपल्या घरांत क्वचितच होते.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांची नोंद गर्भधारणेपूर्वीच करण्यात आली. त्यांच्या बालकांची मोजमापे जन्मतःच घेतली गेली. पुढे सहाव्या, बाराव्या व अठराव्या वर्षी तीच मुले पुन्हा तपासली गेली. घरे शेतकऱ्यांची. जन्मतः बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. यात नवल नाही. नवल पुढेच आहे. स्नायू तोकडे, परंतु पाठीवरील त्वचेखालची चरबी जवळजवळ इंग्रज बाळाइतकीच! दिसायला कृश, आतून मेदयुक्त. अठराव्या वर्षी यांपैकी ३७ टक्के मुलग्यांत आणि १८ टक्के मुलींत रक्तशर्करा वाढलेली आढळली. मधुमेह हा शहरातील सुखवस्तू स्थूलांचा रोग, ही समजूत येथे कोलमडते.

सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व अपुरे होते. ज्यांच्यात ते कमी आणि फोलेट अधिक, त्यांच्या अपत्यांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सहाव्या वर्षीच अधिक दिसली. ब-१२ भाजीपाल्यात नसते. शाकाहारी घरात ते मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळते. शाकाहाराचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे ऐकून रुष्ट होण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो वाटणीचा. दूध डेअरीला जाते, उरलेले पुरुषांच्या चहाला आणि मुलांना; सून सर्वांमागून जेवायला बसते. गोमातेची पूजा ज्या घरात होते, त्या घरातील गर्भवतीच्या ताटात दह्याची वाटी असते काय? याच खेड्यांत दूध, हिरव्या पालेभाज्या व फळे अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बालके जन्मतः अधिक भरदार आढळली होती.

२०१२ मध्ये, ही मुले किशोरवयात असतानाच, त्यांना ब-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला. दिवसाला अवघे २ मायक्रोग्रॅम, आणि तेही मुलींबरोबर मुलग्यांनाही. त्यांतील मुली पुढे माता झाल्या, तेव्हा त्यांच्या नवजात बालकांच्या नाळेतील रक्तही तपासले गेले. १९९३ साली ज्यांची नोंद झाली, त्या स्त्रिया आज आज्या आहेत.