ऊसतोडीस निघतांना मुलीचें नांव पटावर राहूं द्या
(ऊसतोड कामगारांच्या बैठकींतील भाषण)



दसरा झाला कीं बीड-पाथर्डीकडील आपलीं खेडीं रिकामीं होऊं लागतात. मुकादमाची उचल आधींच घेतलेली. ती फेडण्यासाठीं नवराबायकोनें मिळून एक कोयता धरावा, सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटक गांठावें, आणि परत यावें तें फाल्गुन-चैत्रांत. शाळेचें दुसरें सत्र नेमकें याच महिन्यांत असतें. म्हणजे पोर सोबत नेलें कीं दरसाल त्याचें अर्धें वर्ष बुडालें. अशीं दोन-तीन वर्षें गेलीं कीं वर्गांत कांहीं उमजत नाहीं, लाज वाटते, आणि तें आपण होऊनच शाळा टाकतें.

आईबापांस नुसता दोष देणारे शहाणे पुष्कळ आहेत. त्यांनीं उचलीचा हिशेब एकदां मांडून पाहावा. पहांटे फडांत जाणाऱ्या आईनें तान्हें मूल कोणाच्या हवालीं करावें? तें थोरल्या मुलीच्या कडेवर जातें. पाणी तिनें आणावें, भाकरी तिनें थापावी. मुकादमाच्या वहींत कोयता दोघांचाच; हिची मजुरी कोठेंच लिहिलेली नसते. पुष्कळ घरांत मुलगा आजीपाशीं राहून शिकतो आणि मुलगी कोपीवर जाते! हा पंक्तिप्रपंच मुकादमानें केलेला नाहीं, आपल्याच घरचा आहे, म्हणून आम्हांस बोलावें लागतें.

जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस शिक्षण सक्तीचें करा म्हणून मागितलें. शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत तसा हुकूम काढला. देशाचा कायदा व्हावयास २००९ साल उजाडलें. इतक्या उशिरां हातीं आलेला हक्क आपण ट्रॅक्टरवर चढवून फडांत नेतों.

तर भाद्रपदांतच शाळा व्यवस्थापन समितीकडे हंगामी वसतिगृह मागा. तेथें मुलास जेवण मिळतें, शाळा चुकत नाहीं. तोंडी मागणें वाऱ्यावर जातें. अर्ज द्या, पोंच घ्या. गाड्या गेल्यावर उघडलेलें वसतिगृह काय कामाचें? मूल नेणेंच भाग पडलें तर गुरुजींकडून शिक्षण हमी पत्रक घ्या व फडाजवळच्या शाळेंत दाखवा. सत्र सुरू झालें, दाखला नाहीं, या सबबीवर जिल्हा परिषदेच्या शाळेस मूल परत लावतां येत नाहीं.

अर्ज लिहितां येत नसेल त्यांनीं बैठक उठल्यावर येथेंच थांबावें. आम्ही लिहून देऊं.