स्वमग्न मुलांची माया

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या पंचवीस वर्षांत या हॉलमध्ये मी जेव्हा जेव्हा उभा राहिलो, तेव्हा सिंकिंग फंड, मेंटेनन्सची थकबाकी आणि ऑडिट रिपोर्ट यांवरच बोललो. उभा जन्म बँकेत गेलेल्या माणसाकडून तुमचीही दुसरी अपेक्षा नसणार. या वेळी मात्र कमिटीने 'विषय तुमचा तुम्हीच ठरवा' अशी मुभा दिली, म्हणून मी आकड्यांचा नाही, मायेचा विषय घेतला आहे. स्वमग्न मुले आपल्या आईवडिलांवरची माया कशी दाखवतात, हा तो विषय.

माझा अकरा वर्षांचा नातू स्वमग्न आहे, हे निदान आमच्या विंगला तरी सांगायला नको. मुलाची आणि सूनबाईची परवानगी घेऊनच मी बोलतो आहे.

हा विषय का? तर 'या मुलांना आईबापाचीसुद्धा ओढ नसते हो' असे लोक फार सहज बोलून जातात. एका लग्नात एका बाईंनी सूनबाईला तोंडावरच विचारले, "याला तुझी माया आहे का गं?" ती हसून बाजूला झाली. घरी आल्यावर कुणाला काही बोलली नाही, पण त्या रात्री जेवलीही नाही. दिवसरात्र ज्या मुलासाठी राबायचे, त्याच्याबद्दल असा प्रश्न आईने किती वेळा ऐकायचा?

आता थोडा इतिहास. 'ऑटिझम' हा शब्द ग्रीक 'ऑटोस' म्हणजे 'स्वतः' यावरून आला. आपण मराठीत 'स्वमग्नता' म्हणतो. शब्द सुटसुटीत आहे, पण फसवा आहे. मूल स्वतःतच बुडालेले, त्याला बाहेरच्यांचे काही नाही, असे ऐकणाऱ्याला वाटते. 1943 साली बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली, तिथून या विषयाचा रीतसर अभ्यास सुरू झाला. पुढे मात्र एक दुष्ट कल्पना पसरली. आईच थंड, कोरडी असते म्हणून मूल असे होते, म्हणे! अशा आईला 'रेफ्रिजरेटर मदर' असे नावही पडले. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या 1967च्या पुस्तकाने या समजाला आणखी बळ दिले. वास्तविक बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, 1964मध्येच पुस्तक लिहून या समजाला आव्हान दिले होते. कारण शरीरात, मेंदूच्या घडणीत आहे, आईच्या वागण्यात नाही, असे त्याचे म्हणणे होते. आज शास्त्र हेच मानते.

मग मुलाला ओढ असते का? 1984मध्ये अमेरिकेत मरियन सिगमन आणि ज्यूडी अंगरर यांनी ते तपासले. आई खोलीबाहेर जाते, परत येते, तेव्हा मूल काय करते ते पाहिले. स्वमग्न मुले परक्या बाईपेक्षा आईकडे जास्त वळत होती. नंतरच्या अभ्यासांतही हेच दिसले. म्हणजे माया असते. दाखवण्याची रीत निराळी असते.

ही रीत कशी? प्रत्येक मूल वेगळे. काही मुले गळ्यात पडतात, सोडतच नाहीत. काहींना हलका स्पर्शही सहन होत नाही, पण घट्ट दाब हवासा वाटतो. टेंपल ग्रँडिन या अमेरिकन पशुशास्त्रज्ञ स्वतः स्वमग्न. मावशीच्या रँचवर गुरांना दोन बाजूंनी दाबून धरणारा सापळा त्यांनी पाहिला, आणि तरुणपणी स्वतःसाठी तसेच दाब देणारे यंत्र बनवले. माणसाची मिठी त्यांना झेपत नसे. यंत्रातला दाब आपल्या हाताने कमीजास्त करता येई. आमचा नातू पापी घेऊ देत नाही, पण आईच्या पोटात डोके खुपसून जोराने दाबतो. तीच त्याची मिठी.

डोळ्याला डोळा देणे अनेकांना जड जाते. तो बापाच्या पाठीला पाठ लावून बसतो. बाप पेपर वाचतो, हा बसचे नंबर लिहितो. बोलणे शून्य. पण बाप उठून दुसऱ्या खोलीत गेला, की पाच मिनिटांत वही तिकडे जाते! त्या वहीतले नंबर तो फक्त बापाला वाचून दाखवतो. आपल्या खजिन्यातला सर्वांत मोलाचा डाग माणूस कुणाला दाखवतो, याचा विचार करा.

ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी म्हणणे, याला इकोलालिया म्हणतात. पूर्वी ती निरर्थक बडबड समजत. 1980च्या दशकात बॅरी प्रिझंट यांच्यासारख्या वाचातज्ज्ञांनी दाखवून दिले, की बहुधा त्यात अर्थ असतो. नातू पाच वर्षांचा असताना लोकलच्या गर्दीत घाबरला. सूनबाईने त्याला घट्ट धरून ठेवले आणि तेवढ्यात घोषणा झाली, "पुढील स्टेशन दादर." आजही ताप आला, झोप येत नसली, की आईचा हात धरून तो हळूच म्हणतो, "पुढील स्टेशन दादर." परक्याला हसू येईल. आमच्या घरात त्याचा अर्थ 'आई, तू आहेस ना' असा आहे.

डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने 2012मध्ये मांडले, की ही गैरसमजूत दुहेरी आहे. त्यांना आपले कळत नाही, तसे आपल्यालाही त्यांचे कळत नाही. मी बँकेच्या भाषेत सांगतो. सही जुळली नाही तर आम्ही चेक परत करायचो, पण याचा अर्थ खात्यात पैसे नाहीत असा नव्हे. या मुलांच्या खात्यात शिल्लक भरपूर असते. आपल्याकडचे स्पेसिमेन कार्ड तेवढे दुसऱ्याचे असते.

तेव्हा सभासदांना माझ्या चार विनंत्या. 'आजोबांना पापी दे', 'काकूंना नमस्कार कर' अशी बळजबरी नको. मुलासमोर त्याच्याविषयी बोलू नका. जे मूल बोलत नाही, त्यालाही ऐकू येते. ड्रिलिंगचे काम किंवा ढोल-ताशा असेल तर आदल्या दिवशी ग्रुपवर कळवा, म्हणजे आईवडील तयारी करतील.

आणि चौथी, सर्वांत सोपी. तुम्हाला काही दिसले तर आईबापाला सांगा. मागे माझ्या मुलाला यायला रात्रीचे दहा वाजले. आपले वॉचमन त्याला म्हणाले, "साहेब, तुमचा बाबू सातपासून खिडकीत उभा होता. तुमची गाडी गेटात आली तसा आत गेला." मुलगा वर आला तेव्हा नातू वहीत डोके घालून बसला होता, मान वर केली नाही. बाप काही न बोलता त्याच्या पाठीला पाठ लावून बसला. वॉचमनने सांगितले नसते, तर तीन तासांची ती वाट बापाला कधी कळलीच नसती.

आम्ही म्हातारे आता किती दिवस पुरणार? या मुलाला याच जिन्यांवर, याच गेटातून, तुमच्यात आणि तुमच्या मुलांत मोठे व्हायचे आहे. त्याची सही ओळखणारी माणसे चार भिंतींबाहेरही असावीत, एवढीच इच्छा.