शब्द, अर्थ आणि संगणक : पदवीनंतरची एक वाट

भाषा विषय घेऊन पदवीधर झालेल्या मुलामुलींना घरची वडीलधारी मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो हा, की "आता पुढं काय?" शिक्षक व्हावं, स्पर्धापरीक्षेला बसावं किंवा भाषांतराची कामं घ्यावीत, एवढीच उत्तरं पुष्कळांना ठाऊक असतात. आज मी बोलणार आहे ती वाट आपल्याकडे अजून फारशी मळलेली नाही. संगणकीय भाषाविज्ञान हे तिचं नाव. आणि त्यातही शब्दांचा व वाक्यांचा अर्थ तपासणारी जी शाखा, तिला आपण अर्थविचार म्हणू.

"अर्थ तर आपल्याला कळतोच, त्यात संशोधन कसलं?" असं कुणी म्हणेल. एक साधं वाक्य घ्या. 'सगळी मुलं आली नाहीत.' एकही मूल आलं नाही, की काही आली आणि काही राहिली? मी 'सगळी' या शब्दावर जोर दिला, तर आपल्या कानाला ते चटकन उमगेल. छापील कागदावर तो जोर उतरत नाही. 'सगळी' आणि 'नाही' यांपैकी कुणाचा अंमल कुणावर, हा तर्कशास्त्राचा प्रश्न आहे. तर्कभाषेइतक्याच काटेकोरपणे रोजच्या भाषेचा अर्थ मांडता येईल, असं अमेरिकेतल्या रिचर्ड मॉन्टेग्यू यांनी १९७०च्या सुमारास दाखवलं आणि बार्बरा पार्टी यांनी तो विचार भाषाशास्त्रात रुजवला.

दुसरी अडचण शब्दांची. आपण भाकरी खातो, मार खातो, लाच खातो, भाव खातो आणि वेळप्रसंगी दुसऱ्याचं डोकंही खातो! यांत तोंड किती ठिकाणी हलतं ते आपणच पाहा. जानेवारी १९५४ मध्ये जॉर्जटाऊन विद्यापीठ आणि आयबीएम कंपनी यांनी न्यूयॉर्कला एक प्रयोग करून दाखवला. अडीचशे शब्द आणि सहा नियम यांच्या बळावर यंत्रानं साठाहून अधिक रशियन वाक्यं इंग्रजीत आणली. भाषांतराचा प्रश्न आता सुटलाच, असं लोकांना वाटलं. पण १९६६ साली अमेरिकन सरकारपुढं आलेल्या एका अहवालानं या कामाची निराशाजनक कहाणी सांगितली आणि पैशाचा ओघ आटला. शब्दकोश आणि थोडे नियम एवढ्यावर अर्थ हाती लागत नाही, हा त्यातला धडा.

पुढं १९८५ पासून प्रिन्स्टनला शब्दार्थांचं एक जाळं विणलं गेलं. त्याच धर्तीवर मुंबईच्या आयआयटीत हिंदी आणि मराठी शब्दजाळी तयार झाली. त्यानंतर शब्दाची संगत पाहून त्याचा अर्थ ओळखण्याची पद्धत पुढं आली. २०१३ नंतर आणि विशेषतः २०१७ नंतर या पद्धतीनं जी मजल मारली, ती आपण पाहतोच आहोत. यंत्र आता सफाईनं मराठी लिहू लागलं आहे.

मग अभ्यासाला उरलं काय? माझ्या मते, खरं काम इथूनच सुरू होतं. इंग्रजीत 'वी' म्हटलं की झालं. मराठीत मात्र ऐकणाऱ्याला बरोबर घेतलं तर 'आपण' आणि वगळलं तर 'आम्ही'. यंत्राची परीक्षा घेण्यासाठी जे प्रश्न काढतात, ते इंग्रजीत रचून मराठीत उतरवले, तर हा भेद यंत्राला कळतो की नाही, हे मुळात विचारलंच जाणार नाही! प्रश्नपत्रिका परक्याची असली, तर आपल्या भाषेतले बारकावे तिच्यात यायचे कसे?

शिवाय साधनांची टंचाई आहेच. 'घर' या एका शब्दाचं सामान्यरूप होऊन 'घरात', 'घरासमोर', 'घरासमोरच्या', 'घरासमोरच्यांना' अशी किती रूपं होतात! त्यामुळं आधीच थोडा असलेला मजकूर आणखी विखुरतो. व्याकरणदृष्ट्या उलगडून ठेवलेल्या वाक्यांचे जे जागतिक संग्रह आहेत, त्यांत इंग्रजीच्या एकाच संग्रहात सोळा हजारांहून अधिक वाक्यं आहेत. मराठीचा तिथला पहिला संग्रह पाचशे वाक्यांचाही नव्हता. हे काम मराठी चांगलं जाणणाऱ्यानं केलं तरच नीट होईल.

आता तयारीविषयी. साहित्याच्या विद्यार्थ्यानं तर्कशास्त्र, संभाव्यतेचं गणित, सदिशांचं गणित आणि एखादी संगणकभाषा शिकून घ्यावी. विज्ञानाच्या विद्यार्थ्यानं रूपविचार, वाक्यविचार आणि अर्थविचार मुळापासून वाचावेत. नुसतं यंत्र चालवता आलं म्हणजे भाषा समजली, असं होत नाही. आणि पाणिनी आपला, म्हणून हा विषय आपल्याला सोपा, असंही नाही. पाणिनीच्या कारकविचाराचा आधार घेऊन भारतीय भाषांसाठी पद्धत रचणारं पुस्तक 'अक्षर भारती' या गटानं १९९५ साली प्रसिद्ध केलं. तेही गणित आणि संगणक यांची जोड देऊनच.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचा पाया घालता येतो. संगणकाच्या बाजूसाठी मुंबईची आयआयटी, हैदराबादची आयआयआयटी आणि हैदराबाद विद्यापीठ आहेत. परदेशात एडिनबरो, ॲमस्टरडॅम, सारब्रुकेन ही जुनी ठाणी. मात्र संस्थेच्या नावाआधी मार्गदर्शकाचे अलीकडचे निबंध वाचा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांशी बोला. अमेरिकेत डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याला बहुधा विद्यावेतन मिळतं, एम.ए. किंवा एम.एस.चा खर्च बहुधा स्वतःच सोसावा लागतो. कर्ज काढण्यापूर्वी हा फरक घरच्यांसमवेत बसून नीट समजून घ्यावा.

डॉक्टरेटला पाच-सहा वर्षं सहज जातात. तोवर बरोबरीचे मित्र नोकरीत स्थिरावलेले असतात, हे मी लपवत नाही. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी एक महिना रोजच्या बोलण्यातली, वर्तमानपत्रातली, दोन अर्थ निघणारी वाक्यं वहीत टिपून ठेवा आणि दोन अर्थ का निघतात ते लिहून पाहा. महिनाअखेर वही भरली असेल आणि कंटाळा आला नसेल, तर या वाटेनं जायला हरकत नाही.