दवाखान्याचा कारभार आणि वस्तीचा आवाज



हैदराबादच्या पूर्वेस, विजयवाड्याच्या हमरस्त्यावर दिलसुखनगर ही गजबजलेली वस्ती आहे. शहरातील अशा वस्त्यांसाठी तेलंगण शासनाने २०१८ पासून ‘बस्ती दवाखाने’ उघडले. तेथे तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. घराजवळ दवाखाना आला, ही मोठीच सोय होय. परंतु औषध संपले, तर रुग्णाने कोणास विचारावे? आणि परिचारिकेने आपली अडचण कोणापुढे मांडावी?

या प्रश्नाचे एक उत्तर पूर्वीच्या हैदराबाद राज्यातीलच एका जिल्ह्यात शोधले गेले. तो जिल्हा म्हणजे १९५६ साली मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात गेलेला उस्मानाबाद, आजचा धाराशिव. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानान्वये २००७ पासून महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा प्रयोग हाती घेण्यात आला. उस्मानाबाद, पुणे, ठाणे, अमरावती व नंदुरबार हे त्याचे पहिले पाच जिल्हे. राज्य पातळीवरील समन्वय पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे होता.

पद्धत साधी होती. गावकऱ्यांनी एकत्र बसावे, लसीकरण, बाळंतपणाची सेवा, औषधांचा साठा अशा एकेका बाबीचा विचार करावा आणि तिला हिरवा, पिवळा वा लाल रंग द्यावा. अक्षरओळख नसलेल्या वृद्धेलाही लाल रंगाचा अर्थ सांगावा लागत नाही! हे तक्ते पुढे जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ठेवले जात. बाहेरून औषध आणावयास सांगणे, सेवेसाठी पैसे मागणे अशा तक्रारी तेथे उघडपणे मांडल्या गेल्या आणि अनेक ठिकाणी त्या प्रथांना आळा बसला.

प्रारंभी कर्मचाऱ्यांना ही आपल्यावरील चौकशीच वाटली, आणि ते स्वाभाविक होते. पण रिक्त पदे, अपुरा औषधपुरवठा, मोडकी निवासस्थाने ही त्यांची दुखणीही त्याच सभांतून वरपर्यंत पोहोचू लागली. ज्या परिचारिकेवर रोष होता, तिच्याच मागणीसाठी गावाने बोलावे, हा बदल लहान नव्हे. ग्राम आरोग्य समितीला वर्षाकाठी मिळणाऱ्या दहा हजार रुपयांच्या निधीचा हिशेबही लोक विचारू लागले.

दिलसुखनगरात मात्र हीच पद्धत जशीच्या तशी चालणार नाही. गावाला ग्रामसभा असते. येथे शिकवणी वर्गांसाठी आलेले विद्यार्थी वसतिगृहांतून राहतात, अनेक कुटुंबे भाड्याने राहतात आणि घर बदलले की दवाखानाही बदलतो. तेव्हा समितीत बसावयाचे कोणी, हे प्रथम ठरवावे लागेल. त्या यादीत दवाखान्यातील परिचारिका व सफाई कामगार यांची नावे डॉक्टरांच्या नावाबरोबरच असली पाहिजेत.