सोबतीने ऐकलेले गाणे



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून रॉक संगीताच्या जलशाविषयी बोलावे, आणि तेही एका निवृत्त गणितशिक्षकाने, हे ऐकून पुढच्या रांगांतील काही भिवया वर गेलेल्या मला येथून दिसत आहेत. त्या भिवयांविषयी माझी तक्रार नाही. २०१९ सालच्या डिसेंबरपर्यंत माझ्याही भिवया तेथेच होत्या.

माझा एक बालमित्र आहे. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे मी मास्तर झालो आणि तो एका कारखान्यात पत्र्याला आकार देणाऱ्या यंत्रांवर लागला. मला नाद शास्त्रीय गाण्याचा, त्याला या विलायती संगीताचा. चाळीस वर्षे आम्ही एकमेकांच्या घरी जेवलो, पण एकमेकांचे गाणे काही ऐकले नाही. त्याने कॅसेट लावली की मी म्हणत असे, "कारखान्यातली यंत्रे घरी घेऊन आलास काय?" हा विनोद मी इतक्या वेळा केला की त्यातला डंख मला जाणवेनासा झाला.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास तो दोन तिकिटे घेऊन माझ्या दारात उभा राहिला. आयर्लंडच्या 'यू टू' या वाद्यवृंदाचा कार्यक्रम १५ डिसेंबरला नव्या मुंबईत, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये व्हायचा होता. मी तारीख पाहिली आणि नाही म्हणालो. त्याच रविवारी पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचा अखेरचा दिवस होता, आणि तो चुकविणे मला पाप वाटे. त्याने वाद घातला नाही. एवढेच म्हणाला, "अरे, डावा कान गेलाच, उजवाही चाललाय. तो जायच्या आत एकदा समोर ऐकायचंय. पण गर्दीत मागून कुणी हाक मारली तर मला कळत नाही. एकट्यानं जायची भीती वाटते."

श्रोतेहो, त्याचे कान संगीताने नेले नव्हते. ते त्या यंत्रांनी नेले होते, ज्यांच्यावरून मी चाळीस वर्षे विनोद केला. मी तिकीट मुकाट्याने खिशात घातले.

पनवेलपर्यंत आगगाडी आणि पुढे नेरुळपर्यंत लोकल, या प्रवासात त्याने मला त्या मंडळींचा इतिहास सांगितला. १९७६ साली डब्लिनच्या एका शाळेत लॅरी मलन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाने फलकावर चिठ्ठी लावली : वाद्यवृंद काढायचा आहे, कोणाला यायचे आहे? त्यातून जे चौघे एकत्र आले, तेच चौघे ४३ वर्षांनंतर नेरुळला येत होते. आपल्याकडील नाटक मंडळ्या किती वेळा फुटल्या याचा हिशेब ज्याला ठाऊक आहे, त्याला या गोष्टीचे मोल सांगावयास नको. गाणे ऐकण्यापूर्वीच माझ्या मनात त्यांच्याविषयी थोडा आदर उत्पन्न झाला.

सभागृहात गायकाला मान देऊन बसण्याची मला सवय. येथे हजारो माणसे उभी, आणि बहुतेक माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची. प्रथम तो लॅरी मलन एकटाच आला आणि त्याने ढोलांवर पलटणीच्या संचलनासारखा ठेका धरला. मित्र माझ्या कानाशी ओरडला, "आधी ढोल ऐक! ठेका सापडला की गाणं सापडेल." १९७२ च्या ३० जानेवारीला, एका रविवारी, उत्तर आयर्लंडमधील डेरी गावात नागरी हक्कांसाठी निघालेल्या मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळ्या झाडल्या, तेरा नि:शस्त्र माणसे मारली. ते रक्त या गाण्यामागे आहे. हे कळल्यावर तो ठेका मला निराळा ऐकू येऊ लागला.

पण टाळी मात्र चुकू लागली. आपला कान समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर वजन शोधतो. या संगीतात चार मात्रांपैकी जोराचा आघात बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. त्यामुळे सारा जनसमुदाय टाळी वाजवी तेव्हा माझे हात उघडे, आणि माझी टाळी वाजे तेव्हा लोकांचे! शेजारची एक मुलगी हसली. मित्राने कानातले यंत्र काढून खिशात ठेवले होते. एवढ्या आवाजात त्याचा उपयोग नव्हता. त्याने एक तळहात समोरच्या लोखंडी कठड्यावर टेकला आणि दुसऱ्या हाताने माझ्या खांद्यावर मात्रा मोजावयास सुरुवात केली. ज्याला ऐकू येत नव्हते तो मला ऐकावयास शिकवीत होता.

पुढे त्यांनी 'द जोशुआ ट्री' हा १९८७ चा गीतसंग्रह क्रमाने सादर केला. मागे सुमारे २०० फूट रुंदीचा पडदा, त्यावर वाळवंटातून जाणारा रस्ता. त्यांचा गिटारवादक 'द एज' या नावाने ओळखला जातो. सह्याद्रीच्या दरीत हाक मारावी आणि ती परत यावी, तसे त्याचे यंत्र छेडलेला स्वर क्षणार्धात परत पाठविते. आणि मूळ स्वर व त्याचा प्रतिध्वनी यांच्या मधल्या फटीत तो पुढचा स्वर नेमका बसवितो. एका हाताचे वादन दोघांचे वाटते. ज्याला मी गोंगाट म्हणत आलो होतो, त्यात असा काटेकोर हिशेब असेल, हे गणिताच्या मास्तराला कधी सुचले नव्हते. शेवटी ए. आर. रहमान रंगमंचावर आले आणि सर्वांनी मिळून 'अहिंसा' हे गाणे सादर केले, तेव्हा मीही बरोबर मात्रेवर टाळी देत होतो.

आता आवाजाचा आक्षेप. तो खोटा नाही, आणि मित्राचा कान समोर असताना मी तो उडवून लावणार नाही. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसता येतो, असा सर्वसाधारण दंडक आहे. पुढे दर ३ डेसिबलला आवाजाची शक्ती दुप्पट होते आणि सोसण्याचा काळ निम्मा. हे गणित मांडले तर १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे उरतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सांगितले की अशा कार्यक्रमांत आवाजाची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, श्रोत्यांना कानाचे बोळे मिळावेत आणि कानांना विसाव्यासाठी शांत जागा असावी. आपली मुले अशा कार्यक्रमांना जातील. त्यांना अडवू नका, बोळे द्या. साधा कापूस पुरत नाही. आणि हीच काळजी कारखान्यात रोज आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसाचीही घ्या. त्याला कोणी तिकीट विकलेले नसते.

मला रॉक संगीत कळले, असे मी म्हणत नाही. एका रात्रीत कोणतेही गाणे कळत नाही. मला कळले ते एवढेच की, परके गाणे ऐकण्यास पुस्तक पुरत नाही, सोबती लागतो. आपल्यापैकी कोण ख्याल पहिल्यांदा एकट्याने ऐकून त्यावर लुब्ध झाला? वडिलांनी, मामांनी, शेजाऱ्याने मांडीवर ठेका धरून दाखविला, तेव्हा आपल्याला सम सापडली. जे आपल्याला लाभले ते दुसऱ्याला देताना आपण मात्र भिवया वर करतो.

महासाथीमुळे दोन वर्षे सवाई भरला नाही. २०२२ च्या डिसेंबरात तो पुन्हा भरला, तेव्हा मी दोन तिकिटे काढली आणि त्याच्या दारात गेलो. तोवर त्याचा उजवा कानही जवळजवळ गेला होता. तो म्हणाला, "मला काय कळणार?" मी म्हणालो, "चल तर खरा." विलंबित ख्याल चालू झाला. तो गायकाच्या चेहऱ्याकडे पाहत बसला. मी त्याचा तळहात माझ्या मांडीवर घेतला आणि प्रत्येक सम त्यावर देऊ लागलो. पाचव्या की सहाव्या आवर्तनाला मी हात उचलण्याच्या आधीच त्याची मान हलली. त्याला सम सापडली होती.