शिष्यवृत्ती, कर्ज आणि पहिला हप्ता

(जबलपूर येथे वाचनालयाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



अनुवादकाला सभेत बोलावयास उभे करणे थोडे धोक्याचेच असते. दुसऱ्याचे म्हणणे आपल्या भाषेत मांडण्याची त्याला सवय. स्वतःचे मांडावयाचे झाले की तो चाचपडू लागतो. तरीही चालकांनी सुचविलेला विषय मला टाळवेना, कारण तो माझ्या घरातला आहे. घरात शिल्लक नसताना मुलांचे महाविद्यालयीन शिक्षण कसे पार पाडावे, हा तो विषय होय.

पैसा किती मिळणार, हा प्रश्न आपण प्रथम विचारतो. तो केव्हा मिळणार आणि कोणत्या बोलीवर, हे दोन प्रश्न मागे राहतात. आणि माझ्या अनुभवाने माणसे अडतात ती या दोन प्रश्नांपाशीच.

आपल्याला परिचित असलेले एक उदाहरण या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. आजच्या मध्य प्रदेशातील महू येथे १८९१ साली जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळाली, एवढे आपण शाळेत शिकतो. तिचे तपशील मात्र आपल्या ध्यानात राहत नाहीत. एल्फिन्स्टन महाविद्यालयात असताना दरमहा पंचवीस रुपये मिळत. पुढे कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांकरिता, मंजूर झाले. आणि त्यासाठी जून १९१३ मध्ये एक करार लिहून द्यावा लागला. शिक्षण संपल्यावर बडोदे संस्थानची दहा वर्षे नोकरी करावयाची, ही त्यातील अट. नाव शिष्यवृत्तीचे, पण तिच्या पाठीशी दहा वर्षांचे देणे उभे होते. त्या साडेअकरा पौंडांतूनही ते घरी पैसे पाठवीत, न्यूयॉर्कला अर्धपोटी राहून.

लंडनचा अभ्यास मध्येच टाकून १९१७ साली त्यांना परतावे लागले, कारण शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. करार पाळण्यासाठी ते बडोद्याला गेले. तेथे या उच्चविद्याविभूषित अधिकाऱ्याला जातीमुळे राहावयास जागा मिळाली नाही आणि थोड्याच दिवसांत ते मुंबईला परतले. लिहून देणाऱ्याने करार पाळावा अशी अपेक्षा करणाऱ्या समाजाने त्याला तो पाळता येईल एवढी जागाही ठेवली नाही! मग सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी काही शिल्लक टाकली, शाहू महाराजांनी थोडे साहाय्य केले, आणि कोलंबियातील मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये उसने दिले. अशा तीन ठिकाणांहून जुळविलेल्या पैशावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले. शिल्लक नसलेल्या घरातील विद्यार्थ्याचा हिशेब आजही बहुधा असाच तीन-चार ठिकाणांहून जुळवावा लागतो. एकाच शिष्यवृत्तीने सगळे भागते असे समजून बसणारा घसरतो.

कर्ज म्हटले की आपल्या मध्यमवर्गीय घरांत अजून आवाज खाली येतो. जमशेदजी टाटांनी १८९२ साली परदेशी शिक्षणासाठी निधी स्थापन केला, तोच मुळी कर्जाच्या तत्त्वावर. फिटलेला पैसा पुढच्या विद्यार्थ्याच्या उपयोगी पडावा म्हणून. त्याच्या पहिल्या लाभार्थींत कोल्हापूरच्या डॉक्टर कृष्णाबाई केळवकर होत्या. बनारस हिंदू विद्यापीठातील प्राध्यापकाचे पुत्र जयंत नारळीकर १९५७ साली केंब्रिजला गेले, तेही याच निधीच्या आधाराने. तेव्हा कर्ज हे केवळ गांजलेल्यांनीच काढावयाचे असते, ही समजूत टाकून द्यावी.

आता माझ्या घरची गोष्ट. बँकांची आदर्श शैक्षणिक कर्जयोजना २००१ साली आली. दुसऱ्याच वर्षी माझा धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला गेला. चार लाखांपर्यंत तारण नको, आईवडिलांनी सहकर्जदार म्हणून सह्या केल्या की पुरे, असे नियम सांगत होते आणि त्याचे कर्ज झालेही. त्याच बँकेत मी मराठीच्या एम. ए. साठी विचारणा केली. व्यवस्थापकांनी चहा मागविला, अत्यंत सौजन्याने विचारले, ‘‘बेटी, मराठी पढ़कर जबलपुर में करोगी क्या?’’ आणि अर्ज परत दिला. मी शिकवण्या केल्या आणि नागपूरची परीक्षा बाहेरून दिली. राग त्या गृहस्थांचा नाही. कर्ज देणारा फेडीची शक्यता पाहणारच. पण याच कारणाने ज्या विद्येला बाजारात लगेच भाव नाही, तिच्यासाठी शिष्यवृत्ती असावयास हवी. नेमके तेथेच २००९ पासूनची केंद्राची व्याजसवलत, वार्षिक साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी असली तरी, तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती ठेवली गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या विद्यालक्ष्मी योजनेत अभ्यासक्रमापेक्षा संस्थेचा दर्जा पाहिला जातो. निवडलेल्या संस्थेत प्रवेश मिळाला तर तारणही नको, जामीनही नको. आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील ठराविक संख्येच्या विद्यार्थ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सूट. साध्या महाविद्यालयात जाणारी मुलगी मात्र येथेही बाहेरच राहते.

व्याजाचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहा. समजा, चार वर्षांचा अभ्यासक्रम, दरवर्षी आरंभी एक लाख उचलले, व्याज सरळ, दहा टक्के. आणि शिक्षणानंतर एक वर्ष सवलतीचे. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे व्याज चढते, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन वर्षांचे. एकूण एक लाख चाळीस हजार. व्याजसवलत नसेल, तर पहिला हप्ता भरण्याच्या दिवशी देणे पाच लाख चाळीस हजारांचे झालेले असते. आम्हाला हे कोणी सांगितले नव्हते. शिक्षणाच्या काळातच व्याज भरीत गेल्यास ते मुद्दलात मिळत नाही, आणि पुष्कळ बँका दरातही एक टक्का सूट देतात. वडिलांना हे ठाऊक असते तर दरमहा काहीशे रुपये त्यांनी कसेही काढले असते. ते सायकलनेच कामावर जात.

शिष्यवृत्तीची गोम वेगळी आहे. ती बहुधा उशिरा खात्यावर येते; महाविद्यालयाला शुल्क प्रवेशाच्या दिवशी हवे असते. या मधल्या काही महिन्यांसाठी आमच्या आईने भिशी पहिल्याच महिन्यात उचलली होती आणि वर्षभर ती फेडली. सरकारी कागदांत या भिशीची नोंद कोठेही नाही. पण भावाचा प्रवेश तिच्यावर झाला. आपल्या मंडळाजवळ थोडी ठेव आहे असे मी ऐकते. तिच्यातून प्रवेशाच्या वेळी बिनव्याजी रक्कम द्यावी आणि शिष्यवृत्ती जमा होताच ती परत घ्यावी. दहा मुलांना प्रत्येकी दहा हजार म्हणजे एक लाख. आणि तोच लाख पुढच्या वर्षी पुन्हा हाताशी.

उत्पन्नाचा दाखला जूनमध्ये काढावयास जाऊ नये, तहसील कार्यालयात तेव्हा रांग लागते. एप्रिलमध्येच काढावा. कर्जाच्या मंजुरीपत्रावर सही करण्यापूर्वी व्याज कोणत्या दिवसापासून आणि कसे धरणार, ते लिहून घ्यावे. नमुन्याचे काही अर्ज मी बरोबर आणले आहेत. सभा संपल्यावर ज्यांना पाहावयाचे असतील त्यांनी पुढच्या टेबलापाशी यावे.